पदर खोचण्याचा हुकूम

१२ नोव्हेंबर १९३७
शाळा सुटल्यावर मिलमध्ये गेले. मॅनेजरांनी टांगा पाठवला होता. रीळखात्यात मागे एकीचा पदर यंत्राच्या पट्ट्यात सापडून फाटला. बाई वाचली. युनियनवाले म्हणतात, पट्ट्यावर पत्र्याचं झाकण बसवा. मॅ.चं म्हणणं, तुम्ही बायकांना दोन शब्द सांगा, तुमचं ऐकतील.
सांगितले. पदर डोक्यावरून काढा, कमरेला घट्ट खोचा. भागा नावाची एक पोरगेलीशी म्हणाली, "बाईसाब, आमचे घरचे बी हितंच कामाला हायेत ना." मी म्हटलं, "घर घरी ठेवून यायचं."
नोटीस मीच मराठीत करून दिली : काम करताना पदर मोकळा सोडणारीस दंड होईल. मॅ. खूश. व्याख्यान चांगलं झालं.

१५ नोव्हेंबर
युनियनचा सेक्रेटरी रामदास महाजन आला. सिंधीपुऱ्यात राहतो, मिलमध्ये मागावर आहे. दारातच उभा.
"बाई, तुमची नोटीस लागली तवापासून साहेब पत्र्याचं नाव काढत नाहीत. म्हणतात, अब क्या जरूरत है?"
"आधी तुमच्या बायकांना नीट वावरायला शिकवा, मग पत्रे मागा."
"बरं बाई," म्हणाला आणि चपला घालून गेला. चहा विचारला नाही मी. एरवी आल्यागेल्याला विचारते.

४ डिसेंबर
चौथीत अपूर्णांक चालू होते. शाळेची शिपाईण गंगू धापा टाकत दारात. "बाई, मिलमधी बाईचा हात गेला. रीळखात्यात. भागा म्हनून हाये."
फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं. उत्तर चुकलं. एका मुलीने दाखवून दिलं.

६ डिसेंबर
दवाखान्यात गेले. उजवा हात कोपराखालून काढावा लागला. वीस-बाविशीची असेल.
माझा पहिला प्रश्न : "पदर खोचला नव्हतास का गं?" दुसरं काही विचारता आलं असतं.
"खोचला व्हता ना. पन मामा सामने आले."
मामा म्हणजे सासरे, मोतीराम. सूतखात्यातून रीळखात्यात टोपल्या आणतात. रोज दाराशी टोपली ठेवतात, खोकतात, बाजूला होतात. मग ही जाऊन उचलते. त्या दिवशी मुकादमाने त्यांना आत पिटाळलं.
"डोकं उघडं व्हतं बाईसाब. हात आपोआप गेला."
खोचलेला पदर ओढून डोक्यावर घेतला. टोक पट्ट्याने घेतलं.
बारा नोव्हेंबरला तिने मला हेच सांगायला तोंड उघडलं होतं. मी तिला गप्प केलं.
मोसंबी नेली होती. ती सोलायला दोन हात लागतात, हे तिच्या उशाशी ठेवल्यावर लक्षात आलं. सोलून द्यायचं सुचलं नाही. तशीच निघाले. मोतीराम बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१० डिसेंबर
मॅ. स्वतः घरी. आभार मानायला! युनियनने भागाच्या भरपाईसाठी अर्ज केला आहे. मिलचे वकील म्हणतात, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम कामगाराने मुद्दाम मोडला तर भरपाई नाही, कायदाच आहे. हुकूम भिंतीवर होता. शिवाय बुऱ्हाणपुरातल्या सगळ्यात शिकलेल्या बाईंनी तो समजावून सांगितला होता. खंडव्याला कमिशनरांपुढे मी तेवढंच सांगायचं.
"आपने तो बहुत बढ़िया समझाया था, बाईसाहब."
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा मात्र दिला.

११ डिसेंबर
रामदासला निरोप धाडून बोलावलं. बसवलं. त्याचं मागणं एकच : पट्टा उघडा होता, हे मी खंडव्यात सांगावं.
"आमच्या बायका बोलल्या तर उद्या कामावरून जातील. आन् बोलल्या तरी मानतो कोन? तुमी आत गेलत्या. डोळ्यांनी पाहिलंय तुमी."
आठवायला बसले. बायका आठवतात. कोणाची चोळी उसवलेली, कोणाच्या केसांना तेल नाही, कोणाचा पदर किती लोंबत होता. पट्टा आठवत नाही. त्यावर पत्रा होता की नव्हता, मी पाहिलंच नाही. धोका पाहायला म्हणून गेले आणि बायकांचं गबाळेपण पाहून आले.
"उद्या सांगते," म्हटलं. "लक्ष नव्हतं" ही सबब मी कुठल्या मुलीची आजवर ऐकून घेतली?

१५ डिसेंबर
रामदासला अजून काही सांगितलेलं नाही.
शाळा समितीचे अध्यक्ष न कळवता वर्गात आले. मी फळ्यापाशी. खडू डाव्या हातात गेला आणि उजव्या हाताने पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. जरीला खडू लागलेला दिसला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. पुण्याला कॉलेजात पडद्याच्या चालीविरुद्ध बोलून पहिलं बक्षीस घेतलं होतं. आज पन्नाशी उलटून गेली, आणि हात आपोआप गेला.
"तब्येत बरी आहे ना, बाई?"
बरी आहे म्हटलं. खुर्चीत बसले मात्र.

१९ डिसेंबर
न बोलावता मिलमध्ये गेले. मॅ.ना वाटलं साक्षीची तयारी. रीळखात्यात पट्ट्यावर पत्र्याचं झाकण आहे.
"पहले से ही है," मॅ. म्हणाले.
शाळेच्या कपाटांवरून फिरवते तसं बोट फिरवलं. त्या खात्यात कापूस कुठे नाही? गजांवर, तुळयांवर, बायकांच्या भुवयांवर. झाकणाच्या सांध्यात, खिळ्यांभोवती, कुठेच तंतू नाही. मॅ. माझ्या बोटाकडे पाहत होते. मी नमस्कार करून निघाले. बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. सगळ्यांचे पदर घट्ट खोचलेले.

२० डिसेंबर
रामदासला झाकणाचं सांगितलं. मांडीवर थाप मारली त्याने. "बस बाई! येवढं बोला, मिल गयी भरपाई!"
"वकील विचारतील, पहिल्या खेपेला झाकण होतं का?"
"नव्हतं म्हना."
"मी पाहिलं नाही, रामदास."
"नव्हतंच ना पन ते! तुमी नाही पाहिलं म्हनून काय तिथं पत्रा उगवला?" चिडला. मग आवाज उतरवून, "बाई, तुमी पाहिलं नाही म्हनलात की ते म्हनतील, बाईले तवा दिसलं नाही तर आता काय दिसलं? भागाची केस जाईल."
तो म्हणतो ते खोटं नाही. मीही म्हणते ते खोटं नाही. माझं खरं बोलणं भागाला महाग पडणार. आणि दुसरीच एक शंका येते : खरेपणासाठी अडून बसले आहे, की अजून नाक वर राहावं म्हणून? आधी कोणी विचारलं असतं तर चटकन उत्तर दिलं असतं.

१६ फेब्रुवारी १९३८
खंडव्याहून परत. अंग आंबलं आहे, तरी लिहून ठेवते.
मिलचे वकील : "हुकूम तुम्ही समजावून सांगितला?"
"हो. आणि तो चुकीचा होता."
"मत विचारलेलं नाही. पहिल्या भेटीत पट्ट्यावर झाकण होतं?"
"मी पाहिलं नाही."
मागे कोणीतरी हसलं. रामदासने मान खाली घातली. मग कोऱ्या पत्र्याचं सांगितलं. सासऱ्यासमोर हात पदराकडे जातो त्यात मुद्दाम काही नसतं, माझाही जातो, हेही सांगितलं. कमिशनर लिहीत होते. काय लिहून घेतलं, काय सोडलं, कळायला मार्ग नाही. निकालाला पुढची तारीख.
गाडीत भागा माझ्यासमोर. सून मोकळी बसावी म्हणून मोतीराम आपणहून दुसऱ्या डब्यात गेले. रामदास खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून.
चांदनी स्टेशन गेल्यावर भागाने विचारलं, "मंग तवा काय पाहत व्हत्या, बाईसाब?"
"तुमचे पदर."
"चांगले व्हते का?"
हसत नव्हती. रागावलेलीही दिसली नाही.