चौसष्ट टक्क्यांवर अडलेलं कुलूप

आप्पा,

गुरुवारी संध्याकाळी भाजी आणायला निघताना तुम्ही दारात थांबायचात. गुरुवारी, कारण कंपनीला सुट्टी तेव्हाच. आधी मी, मग धाकटी, मग पिशव्या आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही. एक हात कडीवर, दुसरा दाराजवळच्या बोर्डवर. तळहाताची कड खालून वर अशी फिरायची की ती काळी बटणं एका दमात बंद. रेडिओ गाण्याच्या मधोमध मुका व्हायचा आणि न्हाणीघरातून आईचा आवाज यायचा, "अहो, मी आहे अजून आत! निदान माणसं मोजून तरी अंधार करा!" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "मग बाहेर ये की."

ही सवय आम्हा दोघींच्या हातात कधी उतरली ते कळलंच नाही. शाळेतल्या चॅपेलमधून प्रार्थनेनंतर मी शेवटची बाहेर पडले आणि बोर्डवरून हात फिरवला. आत मोठ्या सिस्टर गुडघ्यांवर बसून डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. डोळे उघडले तर अंधारच. उठताना बाकावर आपटल्या. तुम्हाला बोलावणं गेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही आलात, बालवर्गाच्या छोट्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलात, सिस्टरांचं सगळं ऐकून घेतलंत आणि माझ्याकडे वळून विचारलंत, "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलंस?" मेंटेनन्स खात्यातला तुमचा प्रश्न. मशीन अडलं की तुम्ही ऑपरेटरला पहिला हाच प्रश्न विचारायचात, आणि घरी मिक्सरला, सायकलला, माझ्या गणिताच्या मार्कांनाही. मी म्हणाले, "बटण बंद केलं." तुम्ही सिस्टरांना म्हणालात, "मग सिस्टर, मशीन बरोबर आहे." सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत.

हे सगळं आज आठवण्याचं कारण माझा लॅपटॉप. म्हणजे काय ते तुम्हाला सांगत बसत नाही. पाटीएवढं मशीन आहे आणि तेही अडतं. निवृत्त झाल्यापासून मी चाकणच्या एका कंपनीसाठी मशीनच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणते. त्या सूचना पत्रा दाबणाऱ्या प्रेसजवळ, फिरत्या पट्ट्याजवळ लावतात. तुम्ही एकदा नव्या मशीनचं पुस्तक घरी आणलं होतंत. स्वयंपाकघरात पाटावर बसून मी ते घडाघडा वाचते आहे, उच्चार अगदी सिस्टरांसारखे, आणि तुम्ही लसूण सोलता सोलता म्हणता, "इंग्रजी छान झालं. आता सांग, हात कुठे ठेवायचा?" मला सांगता येत नाही. तुम्हाला वाचता येत नाही. आई पोळी लाटत म्हणते, "दोघं मिळून एक माणूस होतंय." आजही मी प्रत्येक ओळीनंतर स्वतःला तेच विचारते, हात कुठे ठेवायचा. या कामाला मी जीव लावून बसले आहे, आप्पा. ते गेलं तर तुमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये जायचं माझं दार बंद.

तर कंपनीचा निरोप आला की ज्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर आमची ड्रॉइंग आहेत त्यांनी आपली डिस्क एन्क्रिप्ट करावी, आणि काम पूर्ण झाल्याचा फोटो सोमवारी पाठवावा, नाहीतर पुढचं काम दुसऱ्यांना. एन्क्रिप्ट करायचं म्हणजे डिस्कमधलं सगळं असं बदलून टाकायचं की किल्लीशिवाय कुणालाच वाचता येऊ नये. म्हणजे मी आयुष्यभर जे करते आहे त्याच्या बरोबर उलटं. मुलगा फोनवर म्हणाला, "एका जागी ठेव, सुरू कर आणि हलवू नकोस." मी आतल्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवला, पिन भिंतीत खोचली आणि त्याच्यासमोर बसले. टक्के चढत गेले. चौसष्ट झाले, मी कुकर लावायला उठले. परत आले तर चौसष्ट. दुसऱ्या दिवशीही चौसष्ट. आपल्या काकूंचं वय असंच बरीच वर्षं चौसष्टवर थांबलं होतं.

मुलगा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या कॅबमधून इलाज सांगत होता.

"आई, रीस्टार्ट मार."

"मारलं."

"चार्जर लावलायस ना?"

"लावलाय रे. समोर दिसतोय."

"मग डिस्कच गेली असेल. आणि आई, सोड ना आता हे काम. आराम कर. कुणासाठी करतेस एवढं?"

मी म्हटलं, "तुझा सिग्नल सुटला वाटतं," आणि फोन ठेवला. मग देवासमोर उदबत्ती लावली, तीच लॅपटॉपवरूनही ओवाळली. सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थनाही म्हटली, कारण मशीन इंग्रजीतलं आहे. कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा उतरत होता. मला वाटलं, एवढं काम करतोय बिचारा, दमणारच.

रविवारी राजगुरुनगरहून धाकटी आली. आता ती पुरती सासरची भाषा बोलते. लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "अगं, ह्याला झालंय काय? पोट भरलंय व्हय?" आम्ही दोघी त्याच्यासमोर आजारी माणसाजवळ बसतात तशा बसलो. शेवटी ती म्हणाली, "चल, चहा टाकू. बघत बसलं की दूधपण उतू जात न्हाई." दोघी उठलो, दारात आलो, आणि दोघींचे हात एकाच वेळी बोर्डवर गेले. बोटांवर बोटं आपटली. तिची अंगठी मला लागली.

"अगं, मी करतीय ना बंद!"

"माझं घर आहे, मी करते!"

आणि तशाच उभ्या राहिलो, हात बोर्डवर ठेवून. मग दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "शेवटचं काय केलं?"

पंख्याचं बटण, दिव्याचं बटण आणि तिसरं त्या प्लगचं. जाताना मी तिन्ही बंद करत होते आणि परत येताना पंखा नि दिवा तेवढे लावत होते. वीज नसली की हे कुलूप आपलं काम थांबवतं, बॅटरीवर करत नाही. मुलाने पिनेचं विचारलं होतं, बटणाचं नाही. आप्पा, माझं मशीन तुम्ही बंद पाडलंत, आणि तुम्हीच दुरुस्त केलंत. धाकटी उंबऱ्यावर बसून इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. तिसरं बटण लावलं. चहा होईपर्यंत पासष्ट. ती जेवून निघाली तेव्हा काम पूर्ण. फोटो कंपनीला पोहोचला. नवीन काम आलं आहे, एका प्रेसचं. हात कुठे ठेवायचा, ते पहिल्याच ओळीत लिहिलं आहे मी.

हे पत्र त्याच डिस्कवर लिहिते आहे, म्हणजे तेही कुलपात. पाठवायचा प्रश्नच नाही. पण किल्लीचं काहीतरी ठरवून ठेव, असं मुलगा म्हणाला, म्हणून इथेच ठरवते. माझ्यामागे लॅपटॉप मुलाला. पासवर्ड नसला तरी उघडणाऱ्या किल्लीच्या आकड्यांचा छापील कागद धाकटीला, म्हणजे उघडायचं झालं तर त्याला राजगुरुनगरला जावं लागेल आणि मावशीच्या हातचं जेवावं लागेल. शिलाई मशीनही तिलाच, पहिल्यापासून तिचा डोळा आहे त्याच्यावर. तुमचा वीज तपासायचा टेस्टर बोर्डखालच्या खिळ्यालाच राहू दे. त्या तिसऱ्या बटणावर मी चिकटपट्टी लावली होती, हात फिरला तरी बंद होऊ नये म्हणून. काल काढून टाकली. तिथे आला की हात अडखळत होता, मला ते आवडलं नाही. पासवर्ड मी कुणालाच सांगितलेला नाही, धाकटीलाही नाही. मुलाने फक्त तिला लॅपटॉपसमोर बसवावं आणि मशीन अडलंय म्हणावं. ती जे पहिलं बोलेल, ते टाइप करावं.