पुलाची बुजवलेली भोकं
१८ ऑगस्ट, संध्याकाळ

नदीवरचा जुना दगडी पूल उन्हाळ्यात मीच दुरुस्त केला. चुन्याचे सांधे खरवडून सिमेंट भरलं. कमानीवरच्या भिंतीत मुठीएवढी भोकं होती, एका ओळीत. मले वाटलं, दगड निसटले असतीन. तीही बुजवली. गावानं नारळ देऊन सत्कार केला माझा.

आज रहीमचाचा आले. गवंडीकाम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पूल पाहून म्हणाले, "भोकं कायले बुजवली बे? आतलं पाणी जाईन कुठून?"

पुलाच्या दोन्ही बाजूच्या भिंतींच्या मधात नुसता मुरूम भरला आहे. पाऊस त्यात मुरते अन् त्या भोकांतून निघून जाते. बांधणाऱ्यानं मुद्दाम ठेवली होती. मुठीएवढी भोकं! मले हे कसं नाही समजलं?

भिंत सरळ आहे का पाहाले ओळंबा लावला. आत तुंबलेल्या पाण्यानं भिंतीनं चार बोटं पोट बाहेर काढलं. पुन्हा लावला. चारच.

इंजिनियर साहेबाले फोन केला. "उद्या दुपारी पाहतो," म्हणाले. पण सकाळी सातले याच पुलावरून शाळेची बस जाते. माझी पोरगी पिंकी तिच्यात खिडकीपाशी बसते.

चाचानं अन् मी पुलाच्या दोन्ही तोंडांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. एका मोटरसायकलवाल्यानं माझ्यासमोरच त्या सारल्या. मी ओरडलो, तं हसून म्हणाला, "काहून भेता? पूल तं एकदम नवा दिसून राह्यला."

नवा मीच केला ना.

चाचा पलीकडच्या तोंडावर बसले, मी इकडं. मांडीवर वही घेऊन लिहून राह्यलो. सकाळी बस येऊन पुलावर न चढता वापस जाईपर्यंत उठत नाही.