गादीच्या दुकानातला चॅम्पियन

४ फेब्रुवारी
ठरलं. पुन्हा रिंगमध्ये उतरायचं. चव्वेचाळिसावं चालू आहे, पण बॉक्सरचं वय पायात असतं आणि माझे पाय फर्स्ट क्लास आहेत. (डावा गुडघा सोडून.) शिवाय दहा वर्षं पूर्ण विश्रांती झालेली. एवढी विश्रांती कुठल्या खेळाडूला मिळते?

निमित्त असं. दुकानात माझा विजेतेपदाचा बेल्ट घेतलेला फोटो मालकांनी भिंतीवर लावलाय. आज एक बाई गादी दाबून बघता बघता म्हणाल्या, हा तुमचा मुलगा का? म्हणजे चेहऱ्यात साम्य टिकून आहे. चांगली खूण.

खरं कारण वेगळं. लेक पंधरा वर्षांची झाली, आणि तिने मला लढताना पाहिलेलंच नाही. मी थांबलो तेव्हा ती बालवाडीत होती. तिच्या लेखी बाप म्हणजे गाद्या विकणारा माणूस.

रात्री जेवताना जाहीर केलं. लेक हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. हिने विचारलं, अजून भात वाढू का?

७ फेब्रुवारी
पहाटे पळायला जायचं होतं. गजर झाला, बंद केला. झोप हाही ट्रेनिंगचा भाग आहे, हल्ली सगळे तेच सांगतात. संध्याकाळी गेलो. एक कुत्रा कोपऱ्यापर्यंत सोबत आला, मग कंटाळून बसला. मीही बसलो. एकट्याने पळण्यात मजा नाही.

१२ फेब्रुवारी
उस्तादांकडे गेलो. मला घडवणारा माणूस. हॉल तोच, घामाचा आणि ओल्या चटयांचा वास तोच. म्हणालो, पॅड धरा. त्यांनी धरले. थोड्या वेळाने स्वतःच खाली ठेवले आणि स्टुलावर बसले.

म्हणाले, हात अजून जातो तुझा. पण डावीकडून येणारं तुला दिसतच नाही.

म्हणालो, प्रॅक्टिस नाही म्हणून.

मग म्हणाले, शेवटची लढत जिंकून थांबलास तू. ते किती जणांना जमतं? लोक शेवटचं तेवढं लक्षात ठेवतात. ते कशाला घालवतोस?

मी विचारलं, आत्ता कोण लक्षात ठेवतंय, उस्ताद?

त्यांनी पॅड उचलून खुंटीला लावले. वादात मी पहिल्यापासून पक्का. निघताना म्हणाले, लढतीत तुझ्या कॉर्नरमध्ये मी उभा राहणार नाही. पण येतील ते. ओळखतो मी त्यांना.

२० फेब्रुवारी
लढतीचा आयोजक भेटला. भला माणूस. माझ्यासाठी वजनगटसुद्धा वरचा शोधला. समोर चोवीस वर्षांचा पोरगा, अजून एकही न हरलेला. म्हणजे हरण्याचा अनुभव शून्य. ही त्याची मोठी उणीव.

२६ फेब्रुवारी
मेडिकल. डॉक्टरांनी डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. लावलं. (गालाला, पण नाकाजवळच.) मग तीन शब्द सांगितले आणि जरा गप्पा मारून परत विचारले. दोन बरोबर सांगितले. तिसरा म्हणालो, खुर्ची. ते म्हणाले, खुर्ची नव्हता. आता समोर खुर्ची ठेवून असले प्रश्न विचारल्यावर माणूस काय म्हणणार?

सर्टिफिकेट नाही म्हणाले. घरी काही बोललो नाही.

१ मार्च
आयोजकाने दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने शब्दबिब्द विचारले नाहीत, लगेच सही केली. अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो. बाहेरच्या पाटीवर दाताचं चित्र होतं, पण डॉक्टर तो डॉक्टर.

९ मार्च
हिच्याशी भांडण. म्हणजे भांडली तीच. पहिल्या डॉक्टरांचा घरी फोन आला होता.

म्हणाली, वर्ष झालं, तुमच्या शर्टाची बटणं मी लावतेय, आणि तुम्ही ठोसे मारायला निघालात?

म्हणालो, हल्ली बटणं फार बारीक करतात.

ती आत गेली, नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासलेली होती.

बाहेर येऊन म्हणाली, मी येणार नाही बघायला. लेकीलाही नेऊ नका. पण लेक म्हणाली, मी जाणार. बाबांना बघायचंय मला.

मला भरून आलं. हिला दिसू नये म्हणून पंख्याकडे बघत राहिलो.

१८ मार्च
लढतीआधीचं वजन केलं. पोरगा स्वतःहून पुढे आला, म्हणाला, माझ्या वडिलांना तुमचं फार वेड होतं, सर. सर म्हणाला! घाबरलाय.

२२ मार्च
लढत परवा झाली. काल लिहिता आलं नाही, अक्षरं हलत होती.

प्लॅन उत्तम होता. पहिल्या दोन फेऱ्या त्याला दमवायचं, तिसरीत गाठायचं. पण पहिली फेरीच संपली नाही. डावीकडून काहीतरी आलं. उठलो. पुन्हा आलं. पुन्हा उठलो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मग नुसता दोराला टेकून उभा होतो, तर पोरगा मारायचा थांबला आणि पंचांकडे बघत राहिला. ते नको होतं. त्यापेक्षा मारायला हवं होतं त्याने.

हार मानायचा टॉवेल उस्तादांनी टाकला. आले होते शेवटी.

लोक ओरडले नाहीत. पूर्वी कुणी पडलं की हॉल डोक्यावर घ्यायचे. परवा सगळे गप्प, दवाखान्यात असतात तसे.

लेक पहिल्या रांगेत होती. गाडीत माझ्या हातावर हात ठेवून बसली.   मला बोलायचं होतं, पण जीभ सुजली होती.

२९ मार्च
पेपरात नाव आलं. त्या पोराच्या बातमीत: ‘माजी विजेत्याला पहिल्याच फेरीत लोळवणारा.’ माजी विजेता म्हणजे मी. तरी नाव आलं.

दुकानात एकाने ओळखलं! तुम्हीच ना ते? म्हणत फोन काढून बायकोला व्हिडिओ दाखवला. त्या लढतीचा. गादी न घेता गेले.

संध्याकाळी मालकांनी फोटो उतरवला. म्हणाले, भिंतीला रंग द्यायचाय. एकाच भिंतीला.

६ एप्रिल
रविवार. लेकीला म्हणालो, त्या दिवशीचं सोड, तुला खरं दाखवतो. मेव्हण्याने माझ्या बेल्टच्या लढतीची जुनी टेप फोनवर घेऊन दिली आहे. तिच्या जन्माआधीची. माझी सगळ्यात मोठी रात्र.

दोघं पलंगावर बसून बघू लागलो. काय पाय होते माझे! मी सांगत होतो, आता बघ, आता डावा हात बघ. ती बघत होती.

मध्येच तिने विचारलं, बाबा, समोरचे हे कोण?

सांगितलं. माझ्या आधीचे चॅम्पियन. फार मोठा माणूस. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा त्यांचं चित्र माझ्या कपाटाला आतून चिकटवलेलं होतं. चाळिशी उलटल्यावर परत आले होते.

का आले होते? तिने विचारलं.

ते मी कधी विचारलं नव्हतं.

पडद्यावर मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. लोक ओरडत होते. ते पडले, उठायला दोर धरला, हात सुटला. मी हात वर करून नाचत होतो.

लेक माझ्याकडे बघत नव्हती. त्यांच्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, यांच्या घरचं कुणी आलं होतं का हो, बाबा?