रक्ताची सावड

पुणे, १८ नोव्हेंबर २०२४

ती. कुसाआत्यास तेजलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बरी हाय' म्हणून ठेवून देतेस, म्हणून मुद्दाम पत्र. ऑपरेशनला पाच वर्षं झाली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तू रक्त देतेस आणि इथे प्रयोगशाळेत आम्ही त्यातली प्रथिनं मोजतो. स्तनाचा कॅन्सर परत येण्याआधी रक्तात काही बदलतं का, ते शोधतोय. हा अजून अभ्यासच आहे, यावरून निदान होत नाही. पण दसऱ्याच्या आठवड्यातला तुझा नमुना आधीच्या नऊंशी अजिबात जुळत नाही. मी तीनदा तपासला. साहेबांना विचारूनच लिहितेय. खरं सांगू, मला धास्ती वाटते. डॉक्टरांना लगेच दाखव, रक्त पुन्हा दे.

मामांना नमस्कार. घाबरवलं म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी तेजल

मखमलाबाद, २३ नोव्हेंबर

चि. तेजलला कुसाआत्याचे अ. उ. आ.

बाई, आधी पाणी पी. ते रक्त माझं नायच, उज्वलाचं हाय.

दसऱ्याला झेंडूची तोड. आमच्या दोघी जावांची सावड असते, आज ती माझ्या वावरात, उद्या मी तिच्या. तशीच ती माझी फाइल घेऊन दवाखान्यात गेली. आडनाव एक, रक्तगट एक, नर्सबाई नवी. आम्हाला वाटलं, झालं काम. मामांना कळलं तर हसता हसता चहा सांडला त्यांनी.

पण तोड हे निमित्त होतं, तेजल. श्रावणात रंगूबाईचा आजार परत आला. ती बी माझ्यासोबतच रक्त द्यायची. तवापासून मला दवाखान्याची पायरी चढवेना. उज्वलाला म्हटलं, फुलं लय झालीत. तिनं ओळखलं. लहानपणापासून सुईला भिणारी बाई, माझ्यासाठी हात पुढं करून आली.

सोमवारी जाते. माझी मी. रागाव, पण जीव लावतेस तसाच लाव.

तुझी कुसाआत्या

पुणे, १६ डिसेंबर

ती. कुसाआत्यास शि. सा. न. वि. वि.

आधी रागावून घेते. तुमच्या सावडीपायी मला आठवडाभर जेवण गेलं नाही. साहेबांनी तो नमुना अभ्यासातून काढून टाकला. आता नवा आलाय, अगदी आधीच्या नऊंसारखा! आणि डॉक्टरांच्या तपासणीतही काही नाही, हे जास्त महत्त्वाचं. मी चक्क रडले.

उज्वलामामीच्या त्या नमुन्यावरून तिच्याबद्दल काही कळत नाही, तिला भिववू नकोस. पण पन्नाशी झाली, एकदा मॅमोग्राफी कर म्हणावं. तिथे मात्र तिचं तिलाच जावं लागेल.

शेवंती राखून ठेव, संक्रांतीला येते.

तुझी तेजल

मखमलाबाद, २ जानेवारी २०२५

चि. तेजलला अ. उ. आ.

उज्वलाला घेऊन गेले. यंत्राच्या खोलीत मला जाऊ देईनात, म्हणून बाहेर बाकावर बसले. गळ्यातलं काढावं लागतं, तर तिचं डोरलं माझ्या मुठीत. माझ्या वेळी बी मी एवढी घाबरले नव्हते. काही निघालं नाय. बाहेर आली ती मिसळ मागतच. रंगूबाईला औषध लागू पडतंय, तिच्यासाठी बी बांधून नेली.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या दिवशी माझं डोरलं असंच उज्वलाच्या मुठीत होतं. परत गळ्यात घातलं तेव्हा चांगलं गरम लागलेलं. मी कधी बोलले नाय. परवा तिचं तिला दिलं, तर गळ्यात घालत म्हणाली, "ताई, गरम हाय."

संक्रांतीला ये. आत्याच्या घरी हक्कानं येत राहा, एवढंच मागणं.

तुझी कुसाआत्या