डुकरांसाठी घेतलेलं पिस्तूल

फरवानिया, कुवेत
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

चिरंजीव मोरेश्वरास,

दादाचा आशीर्वाद. इकडे बरं आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो. ऊन आता उतरलंय. दुपारी बसची वाट बघत उभं राहिलं तरी डोकं फुटत नाही. आपल्या वाडीतला शत्रुघ्न रविवारच्या विमानानं दिवाळीला घरी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. मी फोन केला की तू उठून मागीलदारी जातोस, म्हणून कागद.

सव्वा वर्षानं तुझा मेसेज आला, तोही पिस्तुलाच्या फोटोसकट. मी कामावर होतो, नेमबाजीच्या रेंजवर, हातात तेलाचं फडकं. तुझं नाव दिसलं तसा फोन फडक्यासकट घट्ट धरला. आमचा सुपरवायझर सिराज म्हणाला, "क्या चाचा, लॉटरी लगी?" म्हटलं, "भाई का मेसेज है." "तो रो क्यूँ रहे हो?" डोळ्यात तेल गेलं म्हणून सांगितलं.

तर तुझ्या पिस्तुलाकडे वळतो. वापरलेलं हत्यार म्हणजे बाजारातून आणलेली म्हैस. जुन्या धन्याकडच्या खोडी घेऊन येते, नव्या हाताला लगेच पान्हा सोडत नाही. अडकतं म्हणून विकणाऱ्याला शिव्या घालू नकोस. आमच्याकडची भाड्याची पिस्तुलं दिवसभर दहा हातांतून फिरतात. तक्रार आली की मी आधी मॅगझीन बघतो. बहुतेक वेळा त्याची स्प्रिंग थकलेली असते. मग आतलं सुकलेलं तेल आणि काजळी. मग गोळ्या जुन्या आहेत का ते. मला कुणी शिकवलं नाही, इकडे आलो होतो लेथच्या कामावर, बोलणी खात शिकलो. पण एक कळलं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन एकदम बदलल्या तर चोर कोण ते कळत नाही. तुझं नेमकं कुठे अडतंय ते मेसेजमध्ये परत वाचतो आणि पुढे लिहितो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

काल इथेच थांबलो.

तू लिहिलंस, भात पिकलंय, डुकरं फार झालीत, म्हणून घेतलं. काजूच्या धंद्यात रोकड असते म्हणून तू परवाना काढलेला होतास हे मला ठाऊक आहे. पण मोऱ्या, डुकराला पिस्तूल? डुकराला लांब नळीची बंदूक लागते, बाबांची होती तशी. बाबांच्या मांडीला मांडी लावून शेतातल्या माळ्यावर रात्री काढलेला तू, तुला हे मी सांगायचं?

आणि शेवटी लिहिलंस, "पुढच्या अडकल्या तरी चालतील. पहिली नक्की सुटेल ना, एवढंच सांग."

डुकरं कळपानं येतात रे. ज्याला दुसऱ्या गोळीची गरज नाही, तो डुकरांसाठी विचारत नाही. रेंजवर माणसं शंभर गोष्टी विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी चित्राला फोन लावला. "पिस्तूल? कसलं पिस्तूल, भावजी?" तिला माहीतच नव्हतं. मग म्हणाली, "परवा सुयोगची सायकल कुणालातरी देऊन टाकली. मला वाटलं, सावरतायत."

गोळ्या शोधून पोलीसपाटलांकडे नेऊन दे, असं तिला मीच सांगितलं. तिनं नेऊन दिल्या. तिला एक शब्द बोलू नकोस. सुयोग तिचाही होता.

त्याचं नाव मी या पत्रात लिहिणार नव्हतो. तुझा एकुलता एक, त्याला इथल्या अम्गऱ्याच्या वर्कशॉपात मी लावला. रिग्गईला रस्ता ओलांडताना गाडीनं उडवला, त्याला ओळखायला मी गेलो. पेटी घेऊन मीच आलो. आणि अंगणात चार माणसांत तू म्हणालास, "पोरगा घेऊन गेलास दादा, आणि पेटी घेऊन आलास." त्यानंतर एक शब्द नाही.

माझ्या खोलीतल्या त्याच्या खाटेवर आता साकिब म्हणून एक मुलगा झोपतो. भला आहे. शुक्रवारी दुपारी त्यानं कूस बदलली की खाट तशीच करकरते, आणि माझ्या तोंडून निघतं, "सुयोग, पाणी हवं का?" तो बिचारा उठून बसतो. "नहीं चाचा, आप पियो," म्हणतो.

माझ्यावरचा राग सोडू नकोस. अंगणात बोललास ते रोज बोल. जेवताना बोल, निजताना बोल. मी ऐकेन आणि ताट पुढे ओढेन. पण बोलायला तू हवास.

तुझ्या पिस्तुलाचा दोष मला कळलाय. सांगणार नाही. जन्मभर बिघडलेली हत्यारं दुरुस्त केली, आणि आज एक बिघडलेलंच राहू दे म्हणून देवापुढे हात जोडून बसलोय.

शत्रुघ्न सोमवारी तुझ्याकडे येईल. त्याला मी सगळं सांगितलंय, त्याबद्दलही माझ्यावरच चीड. त्याच्याबरोबर ठाण्यात जा आणि पिस्तूल जमा कर. निवडणूक आली की सगळे परवानेवाले करतात, त्यात लाज कसली? तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरकडे. हाड मोडलं तर बसशील का घरात? मी शत्रुघ्नला म्हटलं, "तो ऐकायचा नाही." तर म्हणतो, "नाही ऐकला तर नाही. मी पडवीत बसतो. माझी दिवाळी तिथंच. बायकोला सांगतो, फराळाचा डबा पडवीत आणून दे."

माझा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामात ऑफिसात अडकलाय. हातात पडला की येतो. या वेळी परतीचं तिकीट काढणार नाही.

आई गेली, बाबा गेले. काका म्हणणारा गेला. दादा म्हणणारा जगात तू एकटा उरलास, आणि तूही म्हणत नाहीस. नको म्हणूस. नुसता अंगणात बसलेला दिस मला.

तू म्हण, नको म्हणू,
तुझाच दादा