वरचा आवाज, खालचा आवाज

मंगळवार, ४ मार्च

लेकीने पाठवलेलं खोकं आज उघडलं. कॅराओके! दोन माईक, एक स्पीकर, टीव्हीला लावायची डबी — आणि वायर म्हणून नाही कुठे. सोबतच्या पुस्तिकेतलं इंग्रजी इतकं भिकार की दुसऱ्याच पानावर मी लाल पेन हातात घेतलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असलं वाक्य लिहिणारीला व्हरांड्यात उभं केलं असतं.

हे म्हणाले, "वस्तू चालवायची आहे की तपासायची आहे?"

दोन्ही.

ताई रविवारी येतेय. अठराला तिच्या गळ्याचं ऑपरेशन. थायरॉइडची गाठ साधीच आहे, पण आवाजाच्या नसेला चिकटलेली. बोलता येईल, उंच पट्टी राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाला. "तुम्ही काही गायिका नाही ना?" असंही विचारलंन. ताई नाही म्हणाली. मूर्ख बाई.

त्याआधी मला तिच्याबरोबर एकदा गायचंय. बाकी काही नको.

बुधवार, ५ मार्च

माईकवरचा निळा दिवा नुसता लुकलुकतोय. लेक फोनवर म्हणते, "आई, जोडला गेला का?" म्हटलं, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावभरच्या लोकांना जोडून दिलं, मला जोडायला शिकवू नकोस.

"बरं. बटण दाबून धरलंस का?"

नव्हतं धरलं.

शुक्रवार, ७ मार्च

माईक चालला. पण मी "हॅलो" म्हणते आणि स्पीकर मागून, सावकाश, "हॅलो" म्हणतो. वेडावल्यासारखा. ह्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्यामागून हो म्हणायची ह्यांना सवय आहे.

रविवार, ९ मार्च

ताई आली. चप्पल काढायच्या आधी, "हे काय दुकान मांडलंयस, चिमे?"

"गायचंय आपल्याला."

"मला आधी चहा हवाय."

चहा झाल्यावर मी गाणं लावलं. तेच, सिनेमाचं, शाळेत बंदी असलेलं. वसतिगृहाच्या मागे चादरी वाळत घालायचे, त्या ओल्या चादरींच्या मधे उभं राहून आम्ही ते म्हणायचो. ताई वरचा आवाज. वरचा तिने घेतलेला, म्हणून मी खालचा आपल्या मनाने रचला. साबणाचा वास, पायाखाली चिखल, नाकासमोर पांढरं कापड, आणि पलीकडून ताईचा आवाज. ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. नंतर नोकरीत जन्मभर न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ऐकले, पण तसा एकही नाही.

ताई पडद्यावरचे शब्द बघून म्हणाली, "शब्द कशाला दाखवतात? विसरलोय का आपण?" पण माईक सोडला नाही.

सोमवार, १० मार्च

फजिती. सुरुवात झकास, दोन ओळींनंतर चाल रेंगाळायला लागली. मग आणखी. गाणं पार आजारी पडल्यासारखं झालं आणि मधेच बसलं. वाद्यं बिचारी एकटीच पुढे निघून गेली.

हे पेपरामागून म्हणाले, "पोचवून या कुणीतरी त्याला."

कारण दुपारी लक्षात आलं. आमच्या गाण्याच्या सिस्टरना आम्ही टाचणी म्हणायचो. त्यांचा एकच धडा — स्वतःचं ऐकू नका, शेजारणीचं ऐका, तिच्यासाठी थांबा. स्पीकरमधून ताईचा आवाज उशिरा येतो, म्हणून मी थांबते. माझा उशिरा येतो, म्हणून ती थांबते. दोघी एकमेकींसाठी थांबत थांबत पार उभ्याच!

लेक म्हणाली, "अगं, एकमेकींचं ऐकूच नका. आपापलं म्हणा की!"

करून पाहिलं. जमलं नाही. ताई म्हणाली, "मग दोघींनी गायचं कशाला?"

बुधवार, १२ मार्च

ताई आता टाळते. "राहू दे ग, चिमे. घसा दुखतो." खोटं. घसा दुखत नाही, भीती वाटतेय. शेवटचं म्हणून गायचं आणि तेही असं रडतखडत — तिला ते नको असणार. मलाही नको. पण न गाताच गेली तर?

माईक बंद करून नुसतं गाऊ या, असंही म्हणून पाहिलं. "आता नको," म्हणाली, आणि उशीचे अभ्रे बदलायला गेली. स्वच्छ होते.

शुक्रवार, १४ मार्च

डोकं आज चाललं. परदेशचे कॉल असेच असायचे — आवाज उशिरा पोचायचा, मग दोन्हीकडची माणसं एकदम बोलायची, एकदम गप्प व्हायची, आणि शिव्या आम्हाला. इथे उशीर माईक करत नाही. डबीकडून स्पीकरकडे आवाज हवेतून जातो, तिथे होतो. जुन्या रेडिओची वायर माळ्यावर होती. डबीत एक टोक, स्पीकरमध्ये दुसरं. "हॅलो" म्हटलं. लगेच हॅलो.

बिनवायरचा म्हणे. वायर ती वायर.

ताईला हाक मारली नाही. माईक घेतला आणि खालचा आवाज एकटीनेच म्हणायला लागले. एकटा ऐकला तर काहीच्या काही वाटतो तो, भिंत बांधायला घेऊन घर विसरल्यासारखा. दुसऱ्या कडव्याला ताई स्वयंपाकघरातून आली. हात ओले. दुसरा माईक उचलला आणि वरून उतरली.

शेवटपर्यंत म्हटलं. कुणी कुणासाठी थांबलं नाही.

मग ताई म्हणाली, "पुन्हा."

मंगळवार, १८ मार्च

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. बोलू नको म्हणून सांगितलंय. ताईला!

बुधवार, २ एप्रिल

उंच पट्टी गेली. परत येईलसं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाला. घरी आल्यावर मी माईक खोक्यात भरायला घेतले. ताईने एक काढून माझ्या हातात ठेवला. घोगऱ्या, खालच्या आवाजात म्हणाली, "वरचा आता तू घे. तुझा मी शिकते. मेले, किती अवघड करून ठेवलायस."

वरचा मला सगळा पाठ आहे. म्हटला मात्र एकदाही नाही.