जटावाल्याची हळू गिटार

१२ मार्च
तिकिटं आली. दोन. मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, मैदानावर तीन जुने रॉक बँड. बहुतेक मंडळी सत्तरीपुढची. सगळ्यात शेवटी जटा वाढवलेला तो गिटारवाला, आमचा जटावाला. त्याच्या लांबलचक गाण्याची सुरुवात कॉलेजपासून जीव की प्राण. एकटी गिटार, अगदी हळू. ती एकदा समोर बसून ऐकायची. बाकी आयुष्याकडून काही मागणं नाही.
बायको काहीतरी म्हणाली. हल्ली पुटपुटते.

१९ मार्च
क्लिनिकमध्ये एक गृहस्थ. तक्रार : सून पुटपुटते. नेहमीप्रमाणे काचेच्या बूथमध्ये बसवलं, हेडफोन लावला, बीप ऐकू आली की बटण दाबा म्हटलं. निम्म्या बीप त्यांच्या गावीही नव्हत्या. तरी म्हणे, कान ठणठणीत आहेत, कानाचं मशीन नको. माणसं स्वतःला किती फसवतात! इतकी वर्षं कान तपासतोय, दर वेळी नवल वाटतं.
घरी टीव्हीचा स्पीकर गेलाय. मेकॅनिक येऊन गेला. आवाज उत्तम आहे म्हणाला, आणि कानांवर हात ठेवून बाहेर पडला. आजकाल कुणाला कामच नको.

२ एप्रिल
संकल्प : रोज सकाळी ती सुरुवात ऐकायची. कान तयारीत ठेवायचे. आज ऐकली. बराच वेळ काहीच नाही, मग एकदम ड्रम. नवी आवृत्ती दिसते. जुन्या गाण्यांची वाट लावतात लेकाचे.
बायको म्हणाली, शेजारी भिंत ठोकत होते. मला काही ऐकू आलं नाही. म्हणजे ठोकली नसणार.

९ एप्रिल
बायको म्हणाली, अहो, जगाचे कान तपासता, एकदा स्वतःचे तपासा. (हे मात्र खणखणीत बोलली. म्हणजे जमतं तिला.)
तपासले. क्लिनिक उघडायच्या आधी, एकट्यानेच. बूथचं दार उघडं ठेवलं, हेडफोन चढवला, एक हात मशीनवर, एक बटणावर. बीप सोडली, बटण दाबलं. सोडली, दाबलं. एकही चुकली नाही. रिपोर्ट कॉलेजातल्या पोराला शोभेल असा. घरी नेऊन दाखवला.
तिने विचारलं, बीप सोडत कोण होतं?
तांत्रिक गोष्टी हिला कोण समजावणार.

२४ एप्रिल
क्लिनिकच्या डॉक्टरबाईंनी पकडलं. घरून फोन गेला असणार. म्हणाल्या, आज तुम्ही आत, मी बाहेर. दार लावून घेतलं. मी हेडफोन लावून, बटण धरून तयार. बाई सुरूच करेनात. काचेपलीकडे त्यांचे हात हलत होते. मशीन जुळवत असाव्यात, त्यांना सवय नाही. मी वाट पाहिली. छत पाहिलं. छताला पोपडे आलेत, रंगाऱ्याला सांगायला हवं. शेवटी बाई दार उघडून आल्या. म्हटलं, बाई, करा की सुरू.
म्हणाल्या, झालं.
हेडफोन तपासायला हवा.

२५ एप्रिल
हेडफोन तपासला. ठीक आहे.

६ मे
कानाचं मशीन मिळालं. बाईंनी स्वतः बसवून दिलं. घरी येताच काढून मोज्यांच्या कप्प्यात ठेवलं. पेशंटना मीच सांगतो, लाजायचं काय, चष्म्यासारखंच आहे. पण जटावाल्यासमोर मशीन लावून बसायचं?
शिवाय, लावूनही ती गिटार ऐकू आली नाही तर? न लावता गेलं, तर निदान मशीन लावलं नव्हतं असं म्हणता येईल.
हे कुणाला सांगायचं नाही.

१७ मे, सकाळ
आज! प्लॅन : लवकर पोहोचायचं, स्पीकरच्या पुढ्यातली जागा धरायची. मशीनची गरजच नाही. बायको येतेय. तिच्या मते हे संगीत म्हणजे माळ्यावरची भांडी पडणं. येते म्हणाली, तेच पुष्कळ.

१८ मे, सकाळ
लिहायचं नव्हतं.
पहिले दोन बँड छान. छातीत धडधडले. मग जटावाला आला. स्टुलावर बसला, डोळे मिटले. बोटं तारांवर फिरू लागली. आवाज नाही. सगळं मैदान थिजलेलं. मला वाटलं, वायर निघाली. एवढ्या वर्षांची वाट, आणि एका वायरीपायी! राहवेना. उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, आवाज वाढवा!
मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. बायको सोडून. तिची नजर स्टेजवर, गाल ओले.
तशीच न बघता तिने पर्समधून चष्म्याची केस काढली. केसमध्ये माझं मशीन. घाईत आधी उलटं घातलं, मग सुलटं. लागलं. पहिला स्पष्ट आवाज आला तो मागच्या पोरीचा : आजोबा, खाली बसा ना.
दुसरा, ड्रमचा. सुरुवात संपली होती.
परतीच्या बसमध्ये बायकोला विचारलं, कशी होती? सांगता येत नाही म्हणाली. म्हटलं, मग गुणगुणून दाखव. लोक बघत होते. तिने माझ्या कानाजवळ तोंड आणून गुणगुणलं, पहिल्यापासून.
बेसूर होतं. एकूण एक सूर ऐकू आला.